आत्याच्या चार पिढ्या

माझ्या आत्याइतकी एकनिष्ठ बाई मी आजवर पाहिलेली नाही. हीच निष्ठा तिने नवऱ्याला, देवाला किंवा निदान पुण्यातल्या एखाद्या साडीच्या दुकानाला वाहिली असती, तर आमच्या घराण्यात तिचे गोडवे गायले गेले असते. पण तिने ती वाहिली एका जपानी गाडीला. दोनच सीटा, उघडणारं छत, जमिनीपासून वीतभर उंची, आणि डिकी एवढीशी की फ्लॉवरचे दोन गड्डे ठेवले तर तिसऱ्याने ट्रॅमने यावं. गाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण कसंही लिहिलं तरी आत्या उच्चार चुकला म्हणणार. तीसहून अधिक वर्षं ती जर्मनीत हायडेलबर्गला राहते. तिथल्या एका संशोधन संस्थेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तिने नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि या गाडीच्या आजवर निघालेल्या चारही पिढ्या एकामागून एक चालवल्या. मला माझ्या पणजोबांचं नाव विचाराल तर आईला फोन करावा लागेल. या गाडीची वंशावळ मात्र मी झोपेतही म्हणून दाखवीन.

मी कार्ल्सरूहेला शिकायला आलो तेव्हा शनिवार-रविवार तिच्याकडे जेवायला जात असे. जेवण फुकट होतं, पण व्याख्यान ऐकावं लागे. पोहे परतता परतता ती जर्मन 'तर मग'ने सुरू करायची. "आल्झो, ऐक. असल्या उघड्या गाड्या आधी इंग्रजांनी केल्या. दिसायला देखण्या, पण रस्त्यापेक्षा गॅरेजमध्येच जास्त. जपान्यांनी काय केलं? मजा तेवढी ठेवली आणि तेलाची गळती काढून टाकली!" मग पहिली पिढी. तिचे दिवे बटण दाबलं की झोपेतून उठल्यासारखे वर यायचे. ते आठवताना आत्या हातातल्या झाऱ्यासकट स्वतःचे डोळे मोठे करून दाखवायची. दुसऱ्या पिढीत ते उठणारे दिवे गेले, याचं दुःख तिला एखादा नातलग गेल्यासारखं होतं. "पण मागची काच आली," असं ती स्वतःचंच सांत्वन करी. तिसरी पिढी अंगाने सुटली. "चाळिशीत सगळेच सुटतात, मी काय कमी सुटले? म्हणून सोडून द्यायचं का?" आणि चौथी पुन्हा सडपातळ झाली. तो वैयक्तिक अपमान समजून आत्याने सहा महिने भात सोडला होता.

आमच्या घरातली जुनी माणसं पानशेतच्या पुराआधी आणि पानशेतच्या पुरानंतर असा काळ मोजायची. आत्या पिढ्यांत मोजते. संस्थेतल्या वरिष्ठांशी झालेलं भांडण दुसऱ्या पिढीतलं, आजी गेली तीही दुसरीतच, आणि माझं जर्मनीतलं आगमन तिसरीच्या उतरत्या काळातलं. एकदा डॉक्टरांनी रक्तदाब कधीपासून आहे असं विचारल्यावर ती "तिसरीपासून" म्हणाली, आणि डॉक्टरांनी शाळेतली तिसरी समजून तसं लिहूनही घेतलं.

छताच्या बाबतीत तिचा नियम सोपा आहे. बर्फ पडत नसेल तर हवा चांगली आहे, आणि हवा चांगली असेल तर छत उघडं. फेब्रुवारीत कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि त्यावर स्कीइंगचा चष्मा अशा थाटात ती नेकार नदीच्या काठाने जाते. समोरून तशीच एखादी गाडी आली की हात वर करते. पलीकडचा अनोळखी जर्मनही हात वर करतो. "बघितलंस? शेजारचा माणूस जिन्यात मान हलवत नाही, आणि हा हात करतो. हे आमचं गोत्र आहे."

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाचा गणपती तिच्या ओळखीच्या बाईंनी शाडूचा घडवला आणि तो कार्ल्सरूहेला पोचवायचं काम आमच्यावर आलं. रिकामी सीट एकच असल्यामुळे ती अर्थातच गणपतीला मिळाली. मी मोदकांचा डबा मांडीवर घेऊन रेल्वेने गेलो. बाप्पाला पट्टा बांधून, छत उघडं टाकून आत्या आउटोबानने, म्हणजे तिथल्या महामार्गाने, निघाली. एका ट्रकवाल्याने म्हणे दहा किलोमीटर शेजारून हॉर्न वाजवत सोबत केली. मंडळाच्या अध्यक्षांनी "अहो, मूर्तीला वारा लागला असेल!" म्हटल्यावर ती शांतपणे म्हणाली, "लागू दे. वर्षातून एकदा येतो बिचारा, बंद गाडीत काय बसवायचं त्याला?"

या बाईचे सख्खे मोठे भाऊ म्हणजे माझे बाबा. निवृत्त शाळामास्तर. आयुष्यात त्यांनी स्कूटर तिसऱ्या गिअरच्या पुढे नेली नाही. दोघांमध्ये बरीच वर्षं अबोला म्हणावा असा नव्हता, पण बोलणंही नव्हतं. आजी अत्यवस्थ असताना आत्या दोन दिवस उशिरा पोचली, ते बाबांच्या मनातून गेलं नव्हतं. त्यानंतर भाऊबीजेला फोन व्हायचा, तोही दोन वकिलांसारखा. गेल्या उन्हाळ्यात बाबा तीन आठवडे माझ्याकडे आले, आणि आत्या स्वतः त्यांना हायडेलबर्गला न्यायला आली.

बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"बेबी, मागचं दार कुठाय?"

"नाहीये, दादा."

"मग माणसं कुठे बसतात?"

"एक माणूस बसतं. आणि मी."

बाबांनी त्या सीटकडे बघितलं. "आणि इतकी वर्षं इथे कोण बसत होतं?"

"भाजी," आत्या म्हणाली.

मी नेहमीप्रमाणे रेल्वेने निघालो. रेल्वे रखडल्यामुळे तासभर उशिरा पोचलो, तर आत्याच्या घरासमोर ती दोघं अजून गाडीतच! बाबांना आत शिरता आलं होतं, बाहेर निघता येत नव्हतं. आत्याने ओढायला हात पुढे केला तर ते म्हणाले होते, "धाकट्या बहिणीने मला ओढून काढायची वेळ अजून आलेली नाही." आणि भाऊ आत असताना आपण एकटं वर कसं जायचं, म्हणून आत्याही परत शेजारी येऊन बसली होती. छत उघडं होतं, त्यामुळे मला मागून सगळं ऐकू आलं.

"दोन दिवस आधी यायला हवं होतंस," बाबा समोर बघत म्हणत होते. "आई दाराकडे बघत होती."

"माझा जर्मन पासपोर्ट भारताच्या व्हिसाच्या ऑफिसात अडकला होता, दादा. दोन्ही दिवस मी त्यांच्या बाकावर बसून होते. सकाळी उघडायच्या आत जायचे, बंद करताना ते उठवायचे."

"कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

मी तिथेच सायकलींच्या स्टँडमागे थांबलो. बाबा डॅशबोर्डवर बोट आपटत म्हणाले, "तुझी गाडी लहान आहे, पण माणूस पळून जाऊ शकत नाही हिच्यातून." मग दोघं हसायला लागली, आणि हसता हसता बाबांनी तिच्यापुढे हात केला. तिने आणि मी मिळून त्यांना बाहेर काढलं. शेजारच्या बाल्कनीतल्या जर्मन आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या रविवारी आत्याने अशी एक गोष्ट केली की मला तिच्या प्रकृतीची काळजी वाटली. तोवर तिने स्टिअरिंगला कोणाला बोट लावू दिलेलं नव्हतं. तिने बंद सुपरमार्केटच्या रिकाम्या आवारात बाबांच्या हातात किल्ली दिली. बाबांनी पहिल्या गिअरमध्ये तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक वळणावर, समोर चिटपाखरू नसताना, त्यांनी हात बाहेर काढून रीतसर इशारा केला. आत्या शेजारी बसून "गेनाऊ! गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर!' असं ओरडत होती, आणि मी सामानाच्या ढकलगाड्यांपाशी उभा राहून दोन म्हाताऱ्या माणसांचे केस वाऱ्यावर उडताना बघत होतो.

या वर्षी डॉक्टरांनी आत्याच्या गुडघ्यांकडे बघून उंच गाडी घ्यायला सांगितलं. ती दुकानात जाऊन एका उंच गाडीत बसून आली आणि म्हणाली, "बाल्कनीत बसून रस्ता बघितल्यासारखं वाटतं. रस्त्यावर असल्यासारखं नाही." पाचवी पिढी कधी निघते याची ती वाट बघते आहे. निघाली तर तिच्यात आपल्याला बसता येईल का, हे ती कोणाला विचारत नाही.

हल्ली रोज संध्याकाळी साडेपाचला आत्याला पुण्याहून फोन येतो. मागच्या रविवारी मी तिथे होतो. फोन स्पीकरवर होता.

"गाडी कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"बरी आहे. सकाळी उठताना जरा कुरकुरते."

"थंडीत जपायला सांग तिला."

"हो, सांगते."

"पुढच्या उन्हाळ्यात येतोय मी. तोवर नीट राहा म्हणावं."

"राहील रे," आत्या म्हणाली. तिने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ गुडघा चोळत बसली. गाडी खाली उभी होती. गेल्याच महिन्यात ती तपासणीत पहिल्या फटक्यात पास झाली होती. तिला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.