एक मणका खाली

सकाळी सव्वानऊला पडद्यावर आकडा उमटला: चौसष्ट पूर्णांक नऊ. दशांशरावांनी तो वाचला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत वाचला. आकडा जागचा हलला नाही.

मेंदूपासून पाठीत उतरणारी नसांची जाड दोरी म्हणजे मज्जारज्जू. मानेत तिचा आडवा काप करंगळीच्या नखाएवढा भरतो. एमआरआयच्या चित्रांवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या मधोमध, तो काप सॉफ्टवेअरने मोजायचा, हे दशांशरावांचं काम. काही आजारांत ही दोरी वर्षागणिक बारीक होत जाते, आणि किती बारीक झाली ते पाहून डॉक्टर औषध ठरवतात. या माणसाचा काप पहिल्या वर्षी अडुसष्ट पूर्णांक चार चौरस मिलिमीटर भरला होता, दुसऱ्या वर्षी अडुसष्ट पूर्णांक एक. आज एकदम तीनहून जास्त घट.

माणूस स्कूलबसचा ड्रायव्हर होता. बारा वाजता तो डॉक्टरीणबाईंसमोर बसणार होता. घट पक्की असेल तर जास्त कडक औषध सुरू करायचं आणि त्याला बसवरून उतरवायचं, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. त्याच्या हातापायांत अजून जोर होता. पण चाळीस मुलं मागे बसवून कुणी वाट बघत नाही.

दशांशरावांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथेच ते राहिलं. बाकी सगळ्यांना ते दशांशराव. हे नाव घरातूनच दवाखान्यात आलं. त्यांची बायको एकदा डबा द्यायला आली तेव्हा म्हणाली होती, "यांना विचारा पाहुणे किती येणार. साडेतीन सांगतील, लहान मूल अर्धं धरून."

आधी बावीस वर्षं ते एक्स-रे काढत. अंधाऱ्या खोलीत ओल्या फिल्मा चिमट्याला टांगायच्या, वाळल्या की दिव्यावर धरायच्या आणि पेन्सिलीच्या टोकाने वरून एकेक मणका मोजत यायचं. मग मज्जारज्जू मोजणारं सॉफ्टवेअर आलं. ते मणके आपणच मोजी, दोरीची कड आपणच आखी. ते लिहिणारी मुलगी शेजारच्याच खोलीत बसायची. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दशांशराव तिच्याकडून शिकले आणि वर्षभरात तिच्याच चुका काढू लागले. एक नियमही त्यांनी घालून दिला: नवं चित्र मोजताना जुनं उघडायचं नाही. जुना आकडा डोळ्यांसमोर असला की हात तिकडे ओढ घेतो, असं त्यांचं म्हणणं. नियम सगळ्यांना पटला होता.

साडेदहाला अहवाल लिहायला घेतला. घट दाखवायची तर तिन्ही वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावावी लागतात. म्हणून त्यांनी जुनी दोन्ही उघडली.

मानेचं बाजूने घेतलेलं चित्र. माप कुठे घेतलं ते दाखवणारी हिरवी रेघ. जुन्या दोन्ही चित्रांत ती एक मणका खाली होती.

त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि वरून मोजायला लागले. पहिला. दुसरा. दुसरा भलताच लांब होता. तो एक नव्हताच. दुसरा आणि तिसरा मणका जन्मतःच एकमेकांना चिकटलेले होते, मधली गादीच नव्हती.

"जरा इकडे ये," त्यांनी हाक मारली.

मुलगी चहाचा कप घेऊनच आली. चित्र बघितलं आणि कप खाली ठेवला. "सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीने दोघांना एकच धरलं. नवीला मी चिकटलेले मणके ओळखायला शिकवलंय. म्हणून यंदा रेघ बरोबर जागी आली."

"आणि खाली दोरी मुळातच जाड असते. हातांच्या नसा तिथून निघतात."

"म्हणजे घट नाहीच, काका."

"असं म्हणू नकोस. मोजल्याशिवाय नाही." ते घड्याळाकडे बघत होते. "तिन्ही चित्रं योग्य जागी हाताने मोजतो. तारखा झाक, चित्रांच्या कडा काप, नावं अ, ब, क दे. कुठलं कुठल्या वर्षाचं ते मला कळता कामा नये."

"तासाभरात तीन? हाताने?"

"बोलण्यात पाच मिनिटं गेली."

"काय यावं असं वाटतंय तुम्हाला?"

"तेच विचारू नकोस. ते विसरायचा प्रयत्न करतोय."

खरी भीती तीच होती. आकडे सारखे यावेत असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाच्या हातावर त्यांनी आयुष्यात कधी भरवसा ठेवला नव्हता. ठिपक्यामागे ठिपका देत ते दोरीची कड आखत गेले. एका जागी ठिपका आत ओढावासा वाटला. त्यांनी माउसवरून हात उचलला, तळवा पँटला पुसला आणि ठिपका होता तिथेच ठेवला. बाहेर शिपाई बाराच्या लोकांची नावं वाचत होता तेव्हा तिसरं माप संपलं.

"अ, पासष्ट पूर्णांक एक. ब, चौसष्ट पूर्णांक सात. क, पासष्ट पूर्णांक तीन. उघड आता."

तिने यादी उघडली. "पहिलं वर्ष अ. दुसरं क. यंदाचं ब."

पहिल्या वर्षापासून आजपर्यंत शून्य पूर्णांक चारचा फरक. एकच चित्र दोनदा मोजलं तरी हातून एवढं इकडेतिकडे होतंच.

डॉक्टरीणबाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. "जुन्या दोन्ही अहवालांवर 'डोळ्यांनी तपासलं' असं लिहिलंय. खाली तुमची सही."

"हो."

"तपासलं होतं?"

"कड तपासली होती. मणके मोजले नव्हते. मशीन मोजतं म्हणून सोडून दिलं."

"या दोन वर्षांत अशा किती सह्या?"

"तीनशे बारा."

"त्यात असे चिकटलेले मणके किती?"

"माहीत नाही, मॅडम. आजपासून बघतो."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. धीर देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. "ड्रायव्हरना आत बोलवा. आणि हे तुम्हीच त्यांना सांगा."

ड्रायव्हर टोपी हातात धरून बसला. दशांशरावांनी सांगायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले, "मागची दोन्ही मापं चुकीच्या जागी घेतली होती. चूक माझी."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग आजचं बरोबर कशावरून?"

बाईंनी मान वर करून दशांशरावांकडे बघितलं. दशांशरावांनी पडदा ड्रायव्हरकडे वळवला आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. "वरून हाडं मोजा."

"मी?"

"मान तुमचीच आहे."

"एक," ड्रायव्हर सावकाश म्हणाला. "दोन. हा जरा लांबडा आहे."

"तो दोन आणि तीन. जोडलेले. माप त्या दोघांच्या मधे घ्यायचं."

ड्रायव्हरने पेन्सिल त्या लांब हाडाच्या मध्यावर टेकवली. "मग रेघ इथे हवी. आणि ही जुनी इथे, खाली." त्याने दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. "बसचा थांबा चुकल्यासारखं झालं हे. पुढच्या थांब्यावर पोरं मोजली."

"तसंच."

"मग मी बस..."

"चालवा," बाई म्हणाल्या. "औषध तेच. सहा महिन्यांनी परत मोजू. मुंग्या आल्या किंवा पाय जड वाटला तर त्याच दिवशी यायचं, सुट्टीची वाट बघत बसायचं नाही."

तो उठला. दाराशी थांबून दशांशरावांना म्हणाला, "तेव्हा पण मोजायला मलाच बोलवा."

दशांशराव खोलीत परतले तेव्हा मुलगी तीनशे बारा नावांची यादी काढून बसली होती. "सगळी नव्या आवृत्तीतून टाकते, काका. दोन तासांत होतील."

"टाक. मीही बघतो."

"एकेक?"

त्यांनी पहिलं चित्र उघडलं आणि पेन्सिल काचेवर टेकवली.

"पडद्याला ओरखडे पडतील."

"पडू देत," ते म्हणाले, आणि वरून मोजू लागले.