लाल खडूची खूण

"बसू दे त्याला जरा. आत्ताच आलाय लांबून."

हे ऐकून तुम्हाला वाटेल, घरी कुणी पाहुणा आलाय. आमच्या डोंबिवलीच्या कारखान्यात मात्र हे धाग्याबद्दल बोललं जाई. लेगिंग्ज, मोजे ज्याच्यामुळे अंगाला बसतात तो लवचिक धागा. आणि बोलणाऱ्या म्हणजे धाग्याच्या खोलीतल्या मावशी. वयानं माझ्याहून लहान, पण सगळा कारखाना त्यांना मावशी म्हणे. मी निटिंगचा सुपरवायझर, मी 'बाई' म्हणायचो.

हा धागा फार नाजूक. ट्रकमध्ये तापून आलेला तसाच मशीनवर चढवला तर त्याचा ताण सारखा राहत नाही आणि कापडात पट्टे उमटतात. म्हणून खोकी एक दिवस मशीनजवळच्या हवेत नुसती ठेवायची. रीळ उचलायचं तेही आतल्या पुठ्ठ्याच्या नळीत बोटं घालून. धाग्याला हात लावलेला मावशींना खपत नसे. खोलीत शिरताना त्या बांगड्या वर सरकवून त्यांवर बनियनच्या कापडाची पट्टी बांधत. दर सोमवारी आमच्या चांगल्या मिशाळ ऑपरेटरांची नखं तपासत.

"मावशी, तुमच्या पाहुण्याला चहा आणू का?" एखादा विचारायचा.

"आण. तुला पाजून तर काही उपयोग होत नाही, त्याला पाजून बघते."

कुठलं खोकं कधी आलं हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. सगळं डोक्यात. दिवस भरला की त्या खोक्यावर लाल खडूनं एक तिरकी रेघ मारायच्या. रेघ असेल तेच खोकं मशीनकडे जायचं. त्या रेघेवर मालकांचासुद्धा विश्वास होता.

एका मे महिन्यात धाग्याचा ट्रक शीळफाट्याला अडकला आणि एक दिवस उशिरा, सकाळी आला. तयार धागा दुपारपर्यंतच पुरणार होता. मालकांचे फोनवर फोन. मी खोलीत गेलो.

"बाई, आजच चढवू या."

"नाही साहेब. उद्या सकाळी."

"एका दिवसानं कुणाला काय कळणार आहे?"

"कापडाला कळतं, साहेब."

त्या डबा खायला बाहेर गेल्या. फळीवरचा खडू मी उचलला आणि सहा खोक्यांवर रेघा मारल्या. अक्षर असतं तर ओळखू आलं असतं. रेघ कुणाचीही सारखीच. मग पोरांना हाक मारून खोकी मशीनकडे पाठवली.

मावशी परत आल्या. खोकी कमी दिसल्यावर गोंधळल्या.

"साहेब, ती सकाळची..."

"तुमचीच खूण होती, म्हणून नेली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. बोटं लाल होती. ती रोजच असत.

"मी केली? असेल. सकाळी घाईच झाली होती." आणि लगेच म्हणाल्या, "मशीन थांबवा ना, साहेब."

"आता चढलंय बाई. बघू."

चार दिवसांनी कापड रंगून आलं. आडवे पट्टे लांबूनही दिसत होते. मालकांनी रिकामी खोकी मागवली. रेघा तशाच होत्या. कुणी काही विचारायच्या आत मावशी म्हणाल्या, "माझ्याकडून चुकलं." मी त्यांच्या शेजारी उभा होतो. चहाच्या वेळी मालकांना गाठून सांगू, असं ठरवलं. चहा झाला. मग उद्या म्हटलं.

मावशींना पॅकिंगच्या टेबलावर बसवलं. तिथे त्या डझन मोजायच्या आणि शेजारणीला म्हणायच्या, "बारा झाले ना गं? तू एकदा मोज." शेजारीण हसायची. "अहो मावशी, बाराच आहेत. पळून जाणारेत का?" मावशीही हसायच्या आणि गठ्ठा तिच्याकडे सरकवायच्या. ज्यांनी कधी कुणाला काही विचारलं नव्हतं, त्या आता दर डझनाला विचारत होत्या. मी तिथून दिवसातून दहा वेळा जायचो.

कारखाना बंद झाल्यावर बऱ्याच वर्षांनी त्या मला नौपाड्यात दिसल्या. कपड्यांच्या दुकानात मुलीसाठी घेतलेली लेगिंग उजेडाकडे धरून ताणून पाहत होत्या. दुकानदार कळवळून म्हणत होता, "आजी, फाटेल हो!"

"फाटली तर तुझा माल वाईट," असं म्हणत त्या वळल्या, तर समोर मी. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी धीर गोळा केला.

"बाई, ते तेव्हाचं... पट्ट्यांचं..."

"जाऊ द्या साहेब, ते कशाला आता? तुम्ही मला घरी नाही बसवलंत, टेबलावर तरी ठेवलंत. तेवढे उपकार आहेत तुमचे."

त्या वेळी तरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "उपकार कसले."

यंदा एका जुन्या ऑपरेटरकडून कळलं, मावशी गेल्या. मी कोपरला त्यांच्या घरी गेलो. लेक एकटीच होती, कामावर निघायच्या घाईत. पाणी दिलं. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती खूण तुझ्या आईची नव्हती, माझी होती. तिचं काही चुकलं नव्हतं. खडूचंही सांगितलं, डब्याच्या सुट्टीचंही.

तिनं पर्स खांद्याला लावली.

"आईला आम्ही डॉक्टरकडे नेलं होतं, काका," ती म्हणाली. "विसरते म्हणून. गॅस बंद केला का, दूध झाकलं का, सारखं विचारायची. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. तरी म्हणायची, माझा भरवसा नको, एकदा कामावर मोठं चुकलंय माझं."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मला उशीर होतोय," म्हणाली.

आम्ही दोघं बाहेर आलो. तिनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं. जिन्याच्या चार पायऱ्या उतरली, थांबली, आणि मला बाजूला सारून पुन्हा कुलूप ओढून पाहायला वर गेली.