पंख कोणी हलवले

विमानाने आपल्याला पंख हलवून सलाम केला होता, हे देवमनराव आयुष्यभर सांगत आले आणि आयुष्यभर कोणी ते मनावर घेतलं नाही. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट एकदा ऐकावी लागे, आणि ज्याच्या सेटचा आजार मोठा असे त्याला दोनदा.

गोष्ट अशी होती. देवमन विशीत असताना तेल्हाऱ्याकडे कपाशीवर विमानातून फवारणी होत असे. लहानसं पिवळं विमान, आत एकटा पायलट. कोणता पट्टा झाला आणि कोणता राहिला हे त्याला वरून कळायचं नाही, म्हणून शेताच्या टोकाला पांढरा झेंडा घेऊन माणूस उभा करायचे. विमान झेंड्याचा नेम धरून कपाशीच्या शेंड्यांवरून यायचं आणि डोक्यावरून निघून जायचं. ते वळून येईपर्यंत झेंडेवाल्याने पावलं टाकत पुढच्या पट्ट्यावर जाऊन थांबायचं. काम रोजंदारीचं. अंगावर औषध पडायचं, डोळे चुरचुरायचे, आणि विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय आई भाकरीला हात लावू द्यायची नाही. गावातले इतर लोक या कामाला नाक मुरडत, म्हणून ते बौद्धपुऱ्यातल्या पोरांच्या वाट्याला येई. देवमनला मात्र ते मनापासून आवडायचं, कारण झेंडेवाल्याशिवाय अख्ख्या तालुक्यात कोणालाच विमान एवढ्या जवळून पाहायला मिळत नव्हतं.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी शेवटचा पट्टा झाला आणि विमान निघून जाण्याऐवजी वळून परत आलं. फवारा बंद होता. झेंड्याच्या समोर येताच त्याने एक पंख खाली केला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, आणि ते वर उठून निघून गेलं. देवमन दोन्ही हातांत काठी धरून नुसता बघत राहिला. उलट हात करायचंही त्याला सुचलं नाही. त्या गावात सलाम नेहमी खालून वर जायचे. हा एकच वरून खाली आला होता.

शेत खुशालरावांच्या वडिलांचं होतं. खुशालराव देवमनच्याच वयाचे, आणि त्या दिवशी ते सायकल धरून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे होते. पुढे उतारवयात ते अकोल्याला मुलाकडे राहायला आले, आणि जुनी ओळख धरून देवमनरावांच्या दुकानातल्या बाकावर बसू लागले. दोघांचं सगळ्या बाबतींत जमायचं, पेपरातल्या बातमीपासून कचोरीतल्या तिखटापर्यंत. विमानाचा विषय निघाला की मात्र खुशालराव हात झटकत.

“अबे, पत्र्याचं इमान ते,” ते म्हणायचे. “वारं लागलं का डुलते. त्याले तू सलाम म्हनतं?”

विमान डुललं की कोणी डुलवलं, हे खालून बघणाऱ्याने कसं सांगावं? देवमनराव कधी विमानात बसले नव्हते.

टीव्ही दुरुस्त करून वापरण्याचे दिवस सरले आणि दुकान बंद झालं. देवमनराव घरात या खोलीतून त्या खोलीत फिरू लागले. मिक्सर चांगला चालत असताना तो उघडून बसले, तेव्हा त्यांच्या बायकोने, इंदूबाईंनी, मुलीला फोन केला. प्रियदर्शनी पुण्याला एका कंपनीत होती. दिवाळीला येताना ती आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आली आणि त्यात तिने विमान उडवायचा एक प्रोग्रॅम टाकून दिला. त्यात सगळी पृथ्वी होती, वरून काढलेल्या फोटोंची. देवमनरावांनी लंडन पाहिलं नाही की ताजमहाल पाहिला नाही. तिला माउस हलवायला सांगत ते आधी तेल्हाऱ्यावर गेले, तिथून नाल्याच्या वळणावर, तिथून विहिरीवर. ते शेत होतं. पडद्यावर चित्र जवळ आणलं की रंग कालवल्यासारखा फुटत होता, तरी शेत तेच होतं.

“यातून त्या शेतावरून जाता येते?” त्यांनी विचारलं.

येतं, असं ती म्हणाली, आणि देवमनरावांना उद्योग मिळाला.

कीबोर्डवरच्या बाणांनी विमान उडवायला त्यांनी साफ नकार दिला. हे टायपिंग झालं, त्यांचं म्हणणं पडलं. पायलटच्या हातात दांडा असतो आणि पायाखाली काहीतरी असतं, ते आपल्यालाही पाहिजे. अमरावतीत एक गेम पार्लर बंद पडत होतं, तिथून त्यांनी एक वापरलेली जॉयस्टिक एसटीतून, पिशवीत घालून, मांडीवर घेऊन आणली. इंजिन कमी-जास्त करायला एका ऑर्केस्ट्रावाल्याच्या मोडक्या साउंड मिक्सरमधलं वर-खाली सरकणारं बटण काढलं. पंखाच्या मागच्या झडपा उघडायला जुन्या रेडिओचा बँड बदलायचा खटका लावला. पायांसाठी एक फळी मधोमध बोल्टवर बसवली, म्हणजे डावा पाय दाबला की उजवी बाजू मागे यावी. इंदूबाईंचा जेवायचा पाट दोन दिवस सापडत नव्हता, तो कॉम्प्युटरच्या टेबलाखाली, बोल्टवर बसवलेला सापडला. त्यांनी पाट परत मागितला नाही. नवरा स्वयंपाकघरातल्या मिक्सरपासून लांब आहे, यातच त्या खूश होत्या.

जोडणी सोपी होती, खरी गंमत पुढे होती. नुसतं जोडून कॉम्प्युटरला काही कळत नाही. कोणती कळ कशासाठी, याची त्याला एकेक करून ओळख करून द्यावी लागते. पडद्यावर प्रश्न येतो, विमान डावीकडे कसं कलवणार? मग आपण हातातला दांडा हलवायचा, आणि कॉम्प्युटर ते लक्षात ठेवतो. देवमनराव नव्या सुनेला घरातली माणसं दाखवावीत तशी त्याला एकेक कळ दाखवत बसले. सरकतं बटण वर नेलं की इंजिन बंद पडत होतं आणि खाली आणलं की गुरगुरत होतं. ते उलटं करायची सोय सापडली तेव्हा त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी ते पुन्हा उलटं करून पुन्हा सुलटं केलं.

मग अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवरून पहिलं उड्डाण झालं. दांडा डावीकडे केला, विमान उजवीकडे गेलं आणि शेतात जाऊन पडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी प्रियदर्शनीला व्हिडिओ कॉल लावला. तुम्ही डावं-उजवं कसं दाखवलंत, असं तिने विचारलं. त्यांनी दोन्ही हात पसरून विमान करून दाखवलं आणि डावा पंख कोणता हे सांगायला उजवा हात हलवला.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमी इमानात बसले हाय का इमानासमोर उभे हाय?”

देवमनरावांनी आपल्या पसरलेल्या हातांकडे पाहिलं. समोरून येणाऱ्या विमानाचा डावा पंख झेंडेवाल्याच्या उजव्या हाताला असतो. इतक्या वर्षांत विमान म्हटलं की त्यांना ते समोरूनच दिसत आलं होतं, आणि सगळी जोडणी त्यांनी त्या धुऱ्यावर उभं राहून केली होती. मग ते मोठ्याने हसले, खुर्ची पुढे ओढली आणि सगळी डावी-उजवी बाजू बदलून टाकली. आपण आता आत बसलो आहोत, असं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्यानंतर त्यांना उडणं जमू लागलं. रोज सकाळी पोहे झाले की ते खुर्चीत बसत आणि अकोल्याहून पातूरच्या डोंगरावर जाऊन परत येत. उतरताना चाकं आपटायची, पण विमान शाबूत राहायचं. शेतावर जायचं मात्र ते टाळत होते. हात नीट बसल्याशिवाय तिकडे जायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

एका सकाळी खुशालराव आले. दुकानातल्या बाकाऐवजी आता ते घरातल्या दिवाणावर बसत. त्यांच्यासमोर देवमनरावांनी विमान वर नेलं, सरळ केलं आणि चहाचा कप घ्यायला दांडा सोडला. विमान हळूच डावीकडे कललं. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. कोणी हात लावला नव्हता.

खुशालरावांनी बशी खाली ठेवली. “पाह्य,” ते म्हणाले. “सांगत होतो का नाही? डुलते ते.”

ते चिडवायलाही थांबले नाहीत, चहा संपवून निघून गेले. देवमनरावांना त्याचंच जास्त लागलं. त्यांच्या हातातला कप तसाच निवला. जन्मभर जपलेली गोष्ट आपण स्वतःच्या हाताने फळी ठोकून, तारा जोडून, खोटी पाडून दाखवली होती, आणि तीही खुशालरावांच्या देखत. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दोन दिवस त्यांनी कॉम्प्युटर लावला नाही.

प्रियदर्शनीला फोनवर कळलं तेव्हा तिने एवढंच सुचवलं की दांड्याकडून येणारा आकडा एका पानावर दिसतो, तो बघा. त्यांनी ते पान उघडलं. दांडा मधोमध उभा होता, हात मांडीवर होते, आणि आकडा नाचत होता. देवमनराव खुर्चीत ताठ झाले. हा नाच त्यांनी कुठेतरी ऐकला होता. पाहिला नव्हता, ऐकला होता. जुन्या रेडिओचा आवाज वाढवायचं बटण झिजलं की न फिरवताही खरखर करतं. या दांड्याच्या बुडाशी तसंच बटण असणार. म्हणजे ही खरखर होती, स्पीकरऐवजी ती पंखांतून निघत होती.

हलकी हालचाल सोडून द्यायला कॉम्प्युटरला सांगता येतं, असं प्रियदर्शनी म्हणाली. सेटिंगमध्ये एक खूण केली की डुलणं दिसणार नाही.

“झाकायचं नाही,” देवमनराव म्हणाले. “मले पाहाचं हाय का खोट कोनाची हाय.”

इंदूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. नवऱ्याचा जीव कशात अडकला आहे, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. “अन् साफ करूनबी डुललं तं?” त्यांनी विचारलं. “राहू द्या ना, नोका उघडू. आतापावेतो तुमीच खरे होते.”

देवमनरावांनी जॉयस्टिक उलटी करून मांडीवर घेतली. बाईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. झाकण उघडलं नाही तर सलाम निदान अर्धा तरी आपला राहत होता. पण सेट उघडल्याशिवाय त्यात काय बिघडलंय हे त्यांनी कधी कोणाला ठरवू दिलं नव्हतं, आणि आता स्वतःला कसं देणार? त्यांनी पेचकस घेऊन बुडाचे स्क्रू काढले. बुडाशी खरंच तसंच गोल बटण होतं, आत काळी पट्टी, तिच्यावर गेम पार्लरमधल्या हातांचा सगळा मळ. स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा भिजवून त्यांनी ती पट्टी पुसली, फुंकर मारून वाळवली, आणि झाकण लावलं. पडद्यावरचा आकडा उभा राहिला तो हललाच नाही.

तरीही त्यांनी एकट्याने उड्डाण केलं नाही. खुशालरावांना बोलावणं पाठवलं, आणि ते आल्यावर त्यांनाच खुर्चीत बसवलं. शेजारी उभं राहून विमान स्वतः तेल्हाऱ्यावर नेऊन, नाल्याच्या वळणावरून खाली आणून, कपाशीच्या रांगांसमोर सरळ करून त्यांनी दांडा खुशालरावांच्या हातात दिला.

“काय करू?” खुशालरावांनी विचारलं.

“काईच नोका करू. हात सोडा.”

खुशालरावांनी हात सोडला. विमान चाललं. जरा वेळाने ते एका अंगाला किंचित कलू लागलं आणि तसंच कलत राहिलं, पण परत आलं नाही. देवमनरावांनी प्रोग्रॅममधला वारा वाढवला. विमानाला धक्के बसले, नाक वर-खाली झालं, एक पंख मध्येच उचलला गेला. एक, दोन, तीन अशी ती चाल मात्र झाली नाही.

“आता पंख हालवा,” देवमनराव म्हणाले.

खुशालरावांनी दांडा डावीकडे नेला, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. विमानाने अगदी तसेच पंख हलवले. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी ते पुन्हा केलं, कोणी न सांगता, आणि दांडा सोडून मागे टेकले.

“हात लागते याले,” ते म्हणाले. मग पडद्याकडेच बघत ते पुढे बोलले. “मी धुऱ्यावर होतो त्या दिवशी. वावर आमचं, पैसे आमच्या बापानं भरले होते. मीबी वरतं पाहून हात केला होता, देवमन. त्यानं पाहालंच नाही माह्याकडे.”

देवमनरावांना ही गोष्ट माहीत नव्हती. आपल्याला फार आनंद होईल असं त्यांना इतके दिवस वाटत होतं, आणि तो झालाही. पण खुर्चीत बसलेल्या त्या म्हाताऱ्याचं वाईटही वाटलं, आणि त्याने एवढं खरं बोलावं याचं आश्चर्य वाटलं. त्यांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. खुशालराव उठले आणि त्यांनी खुर्ची मोकळी करून दिली.

देवमनरावांनी विमान वळवून परत शेताच्या तोंडाशी आणलं. इंदूबाईही चहाचा ट्रे घेऊन येऊन उभ्या राहिल्या. कपाशीचा फोटो पडद्यावरून वेगाने सरकत होता, विहीर आली, नाल्याचं वळण आलं, आणि शेताचं टोक समोर आलं तसा त्यांनी दांडा घट्ट धरला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

“आता कोनाले करून राहिला?” खुशालरावांनी विचारलं. “खाली तं कोनीच नाही.”

“हाय ना,” देवमनराव म्हणाले. “टोकाले झेंडा घेऊन उभा हाय एक जन. अन् धुऱ्यावर सायकलवाला हाय, त्यालेबी केला.”