कापूस आत, माणूस बाहेर

असल्या गोष्टी आमच्याकडे पदर डोळ्याला लावून सांगायची पद्धत आहे. मी तशी सांगणार नाही. ह्या गोष्टीत मी जिंकले, माझी मुलगी जिंकली आणि जिला मी बरेच दिवस शत्रुपक्षात धरलं होतं ती माझी सासूसुद्धा जिंकली. मग रडायचं कशाला?

मी यवतमाळच्या एका कारकुनाची मुलगी. लग्न होऊन बोरी अरबच्या पलीकडच्या एका गावात आले तेव्हा पहिला धडा मिळाला तो भासऱ्याचा. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या वाटेत यायचं नाही, आणि बोलायचं तर नाहीच नाही. तो दारात खाकरला की आपण आत. चहा द्यायचा तर कप उंबऱ्यावर ठेवून बाजूला व्हायचं. मला हे सगळं नाटक वाटायचं. पण नव्या नवरीनं अक्कल माहेरीच ठेवून यायची असते, तशी मीही ठेवून आले होते.

वर्षभरात ह्या भासऱ्याला पोलीस घेऊन गेले. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे घरोघर एक खोली कापसानं भरलेली असते आणि लहान पोरांना त्यात उड्या मारण्याएवढं सुख दुसरं नाही. त्यानं गल्लीतल्या एका लहान मुलीला कापसात खेळायला म्हणून आमच्या बाहेरच्या खोलीत बोलावलं होतं. पुढचं मी लिहिणार नाही. ते तिचं आहे, माझं नाही. गाव पाठीशी नसताना तिची आई ठाण्यात गेली, मग कोर्टातही उभी राहिली, आणि त्याला शिक्षा झाली. त्या बाईला मी त्या दिवसापासून मनातल्या मनात नमस्कार करत आले आहे.

तो सुटून यायची वेळ आली तेव्हा माझी मुलगी दुसरीत होती. तिनं ह्या काकाला, तिच्या मोठ्या बाबांना, कधी पाहिलंच नव्हतं. "माह्ये मोठे बाबा येऊन राह्यले," असं ती शाळेत सांगत सुटली होती.

माझा नवरा माणूस सोन्यासारखा, पण भावाचा विषय निघाला की मूग गिळून बसायचा. सासू म्हणायची, "माह्या लेकरानं भोगलं जे भोगायचं ते. आता काहून उकरून काढतं?" मी सरळ माहेर गाठलं. पोरीला घेऊन कायमचं यायचं असंच डोक्यात होतं. वडिलांनी मला शहरातल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. मी म्हटलं, त्याला घरात घेऊच नये. बाई म्हणाल्या, "मग तो कुठं जाईल? जिथं कुणाला काही माहीत नाही तिथं. तिथंही मुली असतीलच की." मग त्यांनी विचारलं, "तो सुधारला की नाही सुधारला, हा वाद तुम्ही जन्मभर घालाल. ते सोडा. तो आणि मुलगी एकटे राहतील अशी वेळ दिवसातून कधी येते, ते मला सांगा." आम्ही दोघींनी बसून माझ्या घरचा आख्खा दिवस सकाळपासून चाळणीनं चाळला. दर ठिकाणी एक जागतं माणूस ठरवलं. उठता उठता बाई म्हणाल्या, "आणि एक ध्यानात ठेवा. नियम त्याच्यावर, पोरीवर नाही." ते वाक्य घेऊन मी सासरी परत आले.

पहिलं काम म्हणजे कापूस. त्या सालांत भाव असा पडला होता की आज वाढेल, उद्या वाढेल म्हणत लोक महिनोन् महिने कापूस घरात कोंडून ठेवत. गाडी दाराशी लावून भरायला सोपं जावं म्हणून सगळं गाव कापूस बाहेरच्या खोलीत ठेवायचं. मी तो सगळा उचलून मधल्या खोलीत नेला, त्या खोलीला कुलूप लावलं आणि बाहेरची खोली भासऱ्यासाठी रिकामी केली. तिचं दार छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, उघडायचं आणि छपरी रस्त्यावर. रात्री मधल्या दाराची कडी आमच्या बाजूनं. आम्ही तिघं आणि सासू स्वयंपाकघरात दाटीवाटीनं झोपायचो. कापसातले किडे दाराखालून येत आणि अंगाला खाज सुटे. शेजारणी हसायच्या, "यवतमाळवालीनं कापूस आत अन् माणूस बाहेर ठेवला!" मी म्हणायचे, हसा. खाजवत का होईना, मला झोप तर लागत होती.

सासूला ते अपमानाचं वाटलं. "घरच्या माणसावर पहारा ठेवतं का वं?" ती म्हणाली. तेव्हा मी तिला तिच्याच कमरेची किल्ली दाखवली. ती सालं कशी होती ते आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. गडीमाणसं पिऊन जीव देतील ह्या धास्तीनं फवारणीचं औषध घरोघर बायकांनी कुलुपात घातलं होतं, आमच्याकडे सासूनंच. मी विचारलं, "धाकट्या लेकाच्या हाती औषध पडू नये म्हणून तुम्ही कुलूप लावलंत. तो काय त्याचा अपमान केलात?" तिनं किल्ली पदराआड केली. पण पटलं नाही, हे मला दिसत होतं.

बाकीचे नियम साधे होते. कुठलंही लेकरू, आपलं असो की परक्याचं, जवळ आलं आणि दुसरं मोठं माणूस समोर नसलं, तर भासऱ्यानं उठून बाहेर जायचं. लेकरानं नाही, त्यानं. मांडीवर घेणं नाही, खाऊ देणं नाही. मी शेतात गेले की त्यानंही घरात थांबायचं नाही. हे सगळं त्याला सांगायचं कुणी? मी तर भासऱ्याशी बोलू शकत नव्हते. मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं सासूला आणि सासूनं तिच्या लेकाला. झालं, असं मला वाटलं.

तो आला. दाढी पांढरी झालेली, मान खाली. मी घरात असले की नियम अगदी चोख पाळायचा. पोरगी छपरीत आली की हा रस्त्यावर. मला जरा हायसं वाटायला लागलं होतं.

मग एक दिवस नवरा कापसाचा ट्रॅक्टर घेऊन दारव्ह्याच्या खरेदी केंद्रावर गेला. तिथली रांग म्हणजे गेलेला माणूस कधी परतेल ते देवालाच ठाऊक. मी वेचणीला बाया घेऊन शेतात होते. पोती कमी पडली म्हणून भरदुपारी घरी आले, तर छपरीत भासरा बसलेला, शेजारी माझी पोरगी, आणि तो संत्र्याच्या फोडी सोलून तिच्या हातावर ठेवतोय. घडलं काही नव्हतं, हे आधीच सांगते. पण मला फाटकात पाहिल्यावर तो झटकन उठला, आणि पोरगीही तोंड फिरवून लांब जाऊन उभी राहिली. शिकवल्यासारखी.

मी तिला जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली, "आजीनं सांगतलं, तू असली की मोठ्या बाबापाशी बसायचं नाही. तू चिडतं."

माझे वडील म्हणायचे, साहेबाचा हुकूम शिपायापर्यंत पोचेतो त्याची विनंती होते. इथं त्याहून वाईट झालं होतं. मी म्हटलं होतं, पोरीजवळ एकट्यानं कधीच बसायचं नाही. नवऱ्यानं आईला सांगितलं, "ती म्हणते जरा सांभाळून राहा." आणि आईनं लेकाला सांगितलं, "सून कडक हाय बाबू, तिच्या समोर पोट्टीले जवळ घेत जाऊ नको." म्हणजे मी जिथं नाही नेमकी तिथंच मोकळीक! वर पोरीला माझ्यापासून लपवायलाही शिकवलं. ज्याला अडवायचं त्याच्यासाठीच दार उघडून ठेवल्यासारखं झालं होतं, आणि ते माझ्या मर्यादेच्या पदरानं झालं होतं.

मी डोक्यावरचा पदर काढला आणि खांद्यावर टाकला. रस्त्यावरून बाया जात होत्या, त्या थांबल्या. थांबू दे म्हटलं.

"भाऊजी, इकडे पाहा," मी म्हणाले. लग्नानंतर त्याच्याशी बोललेले माझे हे पहिले शब्द. "नियम माझा आहे आणि तो माझ्या तोंडून ऐका. मी असो की नसो, माझी पोर असो की कुणाचीही, एकट्या लेकराजवळ तुम्ही बसायचं नाही. ते आलं की तुम्ही उठायचं. एकदा चुकलं तर मी आधी ठाण्यात जाईन, मग तुमच्या भावाला सांगेन."

तो चिडला. "मी भोगून आलो न बाई! आता का जल्मभर असंच?"

"हो," मी म्हटलं. "जन्मभर."

सासू आतून धावत आली. हाताला पीठ तसंच. "अवं, मी होती न घरात! मी का मेली होती?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि तेव्हा कुठं होतात?"

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला. तिनं आपल्या पिठाच्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, "घरातच होती. भाकरी टाकून राह्यली होती."

मग ती खाली बसली आणि रडली, लेकासाठी नव्हे तर त्या मुलीसाठी. इतक्या वर्षांत मी तिला त्या मुलीसाठी रडताना पहिल्यांदा पाहिलं. रडून झाल्यावर आत गेली, तवा उतरवला आणि स्वतःचा पाट उचलून उंबऱ्यावर आणून टाकला. लेकाला म्हणाली, "सून सांगते तसंच. आता माह्या डोळ्यासमोरून पोट्टीपाशी जाऊन दाखव." त्या दिवसापासून निवडणं-टिपणं, वाती वळणं, सगळं उंबऱ्यावर. कापसाच्या खोलीची किल्लीही तिनं माझ्याकडून मागून घेतली आणि औषधाच्या किल्लीशेजारी कमरेला बांधली. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या म्हातारीला उंबऱ्यावर बसलेली पाहून माझी छाती फुगायची.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला सगळं सांगितलं, तिच्या वयाला झेपेल तसं. मोठ्या बाबांनी एका मुलीला त्रास दिला होता. म्हणून तू आलीस की ते उठतील. नाही उठले तर जोरात ओरडायचं, चूक त्यांची, तुझी नाही. आणि माझ्यापासून लपवायला कुणीही सांगितलं, अगदी आजीनं, तरी मला येऊन सांगायचं. तिनं हे सगळं गंभीरपणे ऐकलं आणि लगेच प्रयोग सुरू केले. छपरीत जायची, तो उठायचा. आत यायची, तो बसायचा. परत जायची. असं तिनं इतक्या वेळा केलं की पाटावरची आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली. भासरा रडकुंडीला आला, पण दर वेळी उठला.

सासू त्याच आठवड्यात त्या मुलीच्या घरी गेली. ती मुलगी तेव्हा कळंबला मावशीकडे शिकायला होती. सासूनं तिच्या आईला सांगितलं, "तुही पोर सुट्टीत येईल तवा निरोप धाड. हा गावात दिसणार नाही, मी पाह्यते." त्या बाईनं तिला बस म्हटलं नाही, पाणीही दिलं नाही. पण पोर येण्याआधी निरोप मात्र आला. सासूनं लेकाला त्या सुट्टीभर शेतातल्या झोपडीवर पाठवलं.

मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरतात आणि घरचे त्यांना बोजारा देतात, चार पैसे किंवा खाऊ. भासरा तुरुंगात होता तरी आमच्या दारात तेवढी वर्षं एकही बैल आला नव्हता. त्या दिवशी पोरं गल्लीच्या तोंडाशी आली तशी सासू पाटावरून उठली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबू, ऊठ. लेकरं येऊन राह्यली. शेतात जाय, दिवे लागल्याबिगर येऊ नको."

तो उठला, चपला घातल्या आणि सगळ्यांसमोरून चालता झाला. बायका दारादारांत उभ्या राहून पाहत होत्या. मग पहिल्यांदा पुढं आली ती त्या मुलीची आई, कडेवर धाकटं लेकरू, त्याच्या हातात बोटभर लाकडी बैल. तिच्या मागून सगळी गल्ली आली. बोजारा वाटता वाटता माझी थाळी रिकामी झाली, सासूचे डोळे भरले, आणि मी मोठ्यानं हसत होते. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

भासरा त्यानंतर बरीच वर्षं जगला. सुधारला की नाही, मला माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायची गरज मला पडली नाही. शेवटच्या दुखण्यात खाटेवरून उठवत नव्हतं तेव्हा पोरगी आली की उठण्याऐवजी तो हाक मारायचा, "माय, कोणी तरी या." नियम एक दिवसही सैल झाला नाही.

मुलगी आता वणीला नोकरी करते. मोठमोठ्या आवाजाच्या पुरुषांच्या ऑफिसात ही एकटी बाई, आणि तिच्यापुढं कुणाची बोलायची टाप नाही, असं जावई सांगतो. गेल्या दिवाळीला मी धीर करून विचारलंच, लहानपणी तुला त्या घरात भीती वाटायची का?

"भीती?" ती हसली. "अवं आई, मी छपरीत आली की एवढा मोठा माणूस उठून उभा राह्यचा. मले तर वाटे, मी गावची सरपंचच हावो."