प्रत्येकीची आपापली जोडणी

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी पुन्हा नोकरी धरली. मधल्या वर्षांत सगळं विसरले असेन, ही धास्ती होतीच. तारनाक्याच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात आमचा पायथनचा प्रोग्राम अडकायला लागला. काम वाटून घ्यायला तो स्वतःच्या प्रती काढायचा, पण त्या सर्व्हरशी बोलायला गेल्या की गप्प बसायच्या. एररसुद्धा येत नव्हती.

"नेटवर्कच खराब असणार," टीम लीड वैतागून म्हणाला.

मला कॉलेजात शिकलेलं आठवलं. प्रत काढताना मेमरी जशीच्या तशी उतरते, थ्रेड, म्हणजे काम पुढे नेणारा धागा, मात्र एकच येतो. सर्व्हरशी बोलणाऱ्या नेटवर्क लायब्ररीचे थ्रेड मागे राहतात, आणि त्यांनी त्या क्षणी मेमरीला लावलेली कुलुपं प्रतीमध्ये बंदच राहतात. उघडायला कुणी नसतं.

"सर्व्हरशी जोडणी प्रती काढायच्या आधीच कशाला करायची?" मी भीत भीत विचारलं. "त्या काढून झाल्यावर प्रत्येकीला आपापली करू द्या की."

त्यानं जोडणीची ओळ खाली सरकवली आणि प्रोग्राम धावू लागला.

"कमाल कर दिए मॅडम!" तो हसला.

बरकतपुऱ्याला घरी परतताना मी रिक्षातूनच नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "अरे, मला अजून येतंय!"