माहेरच्या घाटाची तयारी

माझं माहेर घाटावर, जुन्नरच्या बाजूला, आणि सासर घाटाखाली, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या एका गावात. मधे नाणेघाट. अंतर विचारलं तर मैल कोणी सांगत नसे, 'वाटेत दोन मुक्काम' असं सांगत. मला डोंगराची भीती कधी वाटली नाही. तो नेमका माझ्या माहेरच्या वाटेत येऊन बसला होता, एवढाच माझा त्याच्यावर राग होता.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा रिवाज. पण बाईनं आपलं आपण उठून जायचं नसतं. माहेरचं कोणीतरी न्यायला यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. माझा मुराळी म्हणजे माझा भाऊ. दिवाळी झाली की तो घाट उतरून यायचा, ओसरीवर पागोटं काढून ठेवायचा आणि म्हणायचा, "आटप, निघायचंय." मला दिवस गेले तेव्हा लढाई चालू होती आणि भाऊ पलटणीत भरती होऊन कुठल्या मुलखात गेला होता हे आम्हांला नीट माहीतही नव्हतं. वडील आधीच वारलेले. घरी आई एकटी. लसूण विकायला घाट उतरून येणाऱ्या एका नवराबायकोच्या तोंडी तिनं निरोप धाडला. न्यायला पाठवायला माझ्यापाशी माणूस नाही, लेकीचं बाळंतपण तिकडंच करा.

त्या दिवशी मी जेवले नाही. मला आईकडेच जायचं होतं. बाळंतपणाची धास्ती होती ती होतीच, पण त्याहून जास्त ते रिकामं घर डोळ्यांपुढून हलत नव्हतं. आई तिथं एका माणसापुरती चूल पेटवत असेल, या विचारानं मला घास उतरेना. नवरा जंगलात लाकूडतोडीच्या कामावर होता. तो सोडायला तयार झाला असता, पण बायकोला बाळंतपणाला नवऱ्यानं पोचवायचं म्हणजे गावभर टिंगल.

सासूबाईंनी माझं उतरलेलं तोंड पाहिलं. मग एका सकाळी भात पाखडता पाखडता, सूप न थांबवता म्हणाल्या, "तुजा मुराळी मीच व्हते. त्यात काय मोठं हाय?"

टिंगल व्हायची ती झालीच. सासू मुराळी झालेली आजवर कोणी ऐकली नव्हती. शेजारची म्हातारी तर अंगणात येऊन विचारून गेली, "पागोटं कुठलं घालणार गो?" सासूबाईंनी तिला शांतपणे सांगितलं, "तुजा नवरा देईल ना उसनं."  खरी अडचण वेगळीच होती. सासूबाई जन्मात घाट चढल्या नव्हत्या. त्यांची धाव म्हणजे मुरबाडचा बाजार आणि म्हशाची जत्रा.

म्हणून त्यांनी विचारायला सुरुवात केली. घाट चढून-उतरून आलेला माणूस दिसला की त्याला पाणी द्यायचं आणि समोर बसवून सगळं काढून घ्यायचं. एक म्हणाला, चढताना गूळ खात जा. दुसरा म्हणाला, गुळानं तहान लागते, चणे खा. एक म्हणाला, पोट भरून चढा; दुसरा म्हणाला, उपाशी चढा. सासूबाई सगळ्यांना मान डोलवायच्या आणि मग मला विचारायच्या, "तुज्या डोंगराला नक्की काय लागतं?" मला हसू यायचं आणि रागही यायचा. घाट माझ्या पायाखालचा, मी सांगते ते कोणाला नको आणि वाटसरूंच्या गप्पा तेवढ्या खऱ्या. पण त्यांचंही चूक नव्हतं. दोन जिवांची बाई घाटावर न्यायची जोखीम त्यांच्या डोक्यावर होती, माझ्या नाही.

सुईणीनं मात्र एकच गोष्ट सांगितली आणि ती दोघींना पटली. बैलगाडीत बसायचं नाही, गचके बसतात. चालायचं, पण चालायची सवय आधी करायची. त्या दिवसापासून सासूबाईंनी मला चालायला लावलं. आधी नदीपर्यंत रिकाम्या हातानं. मग टेकाडावरच्या देवापर्यंत. मग त्याच टेकाडावर डोक्यावर हलकंसं गाठोडं घेऊन. आजही कोणी डोंगरावर निघालं की मी हेच सांगते. तयारी पायांपासून करा, सामानापासून नको. लोक आधी सामान बांधतात आणि मग पाय दुखले म्हणून डोंगराला बोल लावतात.

वहाणांची तर गंमतच झाली. सासूबाईंनी मुरबाडच्या मोच्याकडून माझ्यासाठी नव्या वहाणा करून आणल्या. नव्या वहाणा घालून डोंगराला जाऊ नये, पहिल्याच दिवशी फोड येतात. त्या आधी घरी वापरून मऊ कराव्या लागतात. पण सुनेनं मोठ्या माणसांपुढे पायात घालून फिरायचं कसं? मग तोड निघाली. रोज दुपारी गाव आडवा झाला की मी परसात, गोठ्यामागे, करंजाचं तेल चोपडलेल्या वहाणा घालून फेऱ्या मारायची आणि सासूबाई पुढच्या दाराशी राखण करत बसायच्या. कोणी आलं की त्या मोठ्यानं खोकायच्या, मी वहाणा पेंढ्यात लपवायची. म्हशीनं एकदा एक पट्टा चावून ठेवला. तिला बहुतेक तेलाचा वास आवडला असावा.

पौषात म्हशाच्या जत्रेला गेलो, तिथं सासूबाईंनी माझ्यासाठी घोंगडी घेतली. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हांलाही एक घ्या. वर थंडी फार." त्या म्हणाल्या, "थंडी ती किती असनार? आमी काय थंडी बघली नाय?" घाटाखालच्या माणसाला ही गोष्ट सांगून पटत नाही. त्याच्याकडे थंडी म्हणजे पहाटे शेकोटीला बसायचं निमित्त.

आता शिदोरी. तांदळाची भाकरी ताजी असताना तिच्यासारखं काही नाही, पण दुसऱ्या दिवशी ती कडक होते. नाचणीची टिकते. मी नाचणीची करू म्हटलं, सासूबाई म्हणाल्या, "मुराळी काय नाचणी खाऊन जाईल?" शेवटी दोन्ही केल्या. सोबत भाजलेले सुके बोंबील, कांदे, फडक्याच्या कोपऱ्याला गाठ मारून मीठ आणि पाणी भरून न्यायला आतून कोरून वाळवलेला दुध्या भोपळा. ओहोळ भरवशाचे नसतात, पौषात निम्मे आटलेले असतात. तेवढं सामान पुरे होतं. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी पाहते तर ओसरीवर एक मोठं गाठोडं. आत नव्या भाताचे तांदूळ, वालाची डाळ आणि सुकटीची पुडी. मी चिडले. घाट काय बाजार आहे का, म्हटलं, एवढं ओझं कोण नेणार? सासूबाई गाठ आवळत म्हणाल्या, "मी नेणार. इहिणीच्या दारात मोकल्या हातानं जाव काय?"

लसूणवाली नवराबायको आपल्या बैलावर तांदूळ घालून परत घाटावर निघाली होती, त्यांच्या सोबतीनं आम्ही निघालो. घाटात एकट्यानं जाऊ नये, वाट माहीत असली तरीही. पहिला मुक्काम घाटाच्या पायथ्याच्या गावात, त्यांच्या ओळखीच्या घरी झाला. सकाळी लवकर चढायला लागलो, कारण ती बाजू मावळतीकडची. सकाळभर सावली असते आणि दुपारनंतर कातळ तापतो. एवढं माझं ज्ञान सासूबाईंनी शेवटी मान्य केलं.

रानातली वाट सरली आणि दगडांची चढण लागली. मी पुढे, माझ्यामागे सासूबाई. त्यांनी बैलावर गाठोडं ठेवू दिलं नाही, बैलाला आपलं ओझं पुरे आहे म्हणाल्या. मी सांगितलं होतं, चढताना बोलायचं नाही आणि वर माथ्याकडे बघायचं नाही, पुढचा दगड तेवढा बघायचा. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. त्यांचा श्वास तेवढा ऐकू यायचा. मी दमले की बसायची, त्या उभ्याच राहायच्या. बसले तर उठवणार नाही, म्हणायच्या. एका अवघड वळणावर माझा पाय घसरला. मी पडले नाही, कारण त्यांनी मागून पाठीला हात लावून ठेवला होता. तो हात कधीपासून तिथं होता कोण जाणे. मला मात्र तेव्हाच कळला.

माथ्यावर लेण्यांजवळच्या टाक्याचं गार पाणी प्यालो. सासूबाई कड्याच्या काठापासून चांगल्या लांब उभ्या राहिल्या आणि खाली कोकणाकडे बघत म्हणाल्या, "आमचा गाव एवढा खोल हाय?" त्यांना ते पटेना. पुढच्या घाटघर गावात मुक्कामाला पोचेपर्यंत दिवस कलला, वारा सुटला आणि त्या कुडकुडायला लागल्या. मी माझी घोंगडी त्यांच्या अंगावर घातली. त्यांनी ती काढून माझ्या अंगावर घातली. असं दोनदा झाल्यावर मी ओरडलेच. मग एका घोंगडीत दोघी बसलो, पाठीला पाठ लावून. माझ्यासाठी महिनाभर खपून तयारी केली होती त्या बाईनं, आणि स्वतःसाठी काही म्हणता काही आणलं नव्हतं. लग्न झाल्यापासून मी त्यांना घाबरत होते, कधी त्यांच्यावर चिडत होते. त्या संध्याकाळी मला त्यांची माया आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माहेरच्या दारात पोचलो. आईला काही कळवलेलं नव्हतं. ती दारातच ज्वारी निवडत बसली होती. मला पाहून उठली, मग माझ्यामागे डोक्यावर गाठोडं घेतलेल्या विहीणबाई पाहिल्या आणि गडबडून गेली. आमच्याकडे मुलीच्या सासूचा मान मोठा. आई धावत तांब्या घेऊन आली आणि पाय धुवायला खाली वाकली.

सासूबाईंनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "नका, इहीणबाय. मी सासू म्हनून नाय आले. तुमचा पोर हितं नाय, म्हनून त्याच्या जागी आले."

भाऊ पलटणीत गेला त्या दिवसापासून आई रडली नव्हती, असं शेजारणींनी मागाहून सांगितलं. रडणं बरं नाही, गेलेल्याला अपशकुन होतो, असं ती म्हणायची. तिथं दारात, तांब्या हातात धरून, ती ढसाढसा रडली. सासूबाईंनी गाठोडं उतरवलं आणि तिला धरून खाली बसवलं. 

मग आईनं पदरानं तोंड पुसलं, सासूबाईंचे पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि त्यावर पाणी घातलं. टाचा फुटून रक्त आलेलं होतं. आई त्यांच्यावर रागावली. "अनवाणी आलास व्हय रं एवढा घाट? काही अक्कल?" भाऊ आला की ती अशीच बोलायची. आपण कोणाला काय म्हणतोय याचं तिला भान नव्हतं. सासूबाईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

माझ्याकडे मात्र दोघींपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. पोट सावरत मी उंबऱ्याशी उभी होते, कोणी बस म्हणालं नाही, पाणी विचारलं नाही. एरवी मी तेवढ्यावरून दिवसभर तोंड फुगवून बसले असते. त्या दिवशी मी आपली आपणच आत गेले आणि तिघींसाठी चूल पेटवली.