डासाची रांग

त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नाही. सगळे त्याला डास म्हणतात. लहान पोरांचं रक्त काढायचं असलं की तो म्हणायचा, डास चावला बघ, झालं, आणि पोरं रडायचंच विसरायची. तेव्हापासून तो डास. म्हाताऱ्या माणसांचा डासभाऊ. मी एकोणीस वर्षं त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून तेच काम करतोय आणि मला कुणी साधं टोपणनावसुद्धा दिलेलं नाही. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? पहिली दोन वर्षं मीही स्वतःला हेच सांगत होतो.

आमच्या सरकारी दवाखान्याच्या तळमजल्यावर रक्त काढायची खोली आहे. दोन टेबलं, पेशंटसाठी रुंद हाताच्या दोन खुर्च्या, मधे एक कपाट, आणि दाराबाहेर लांबलचक बाक. दोन माणसं, म्हणून दोन रांगा. हिशेबाने दोन्ही सारख्या हव्यात. माझ्या रांगेत असायचे चार जण, त्याच्या रांगेत तीस. मी त्याच्या रांगेतल्या पुढच्याला बोलावलं तर तो मागच्याला म्हणायचा, तुम्ही जा हो, मला घाई नाही. मागचाही म्हणायचा, मलाही नाही. उपाशीपोटी आलेली, भुकेने डोळे पांढरे झालेली माणसं, आणि म्हणे घाई नाही.

आता गंमत ऐका. या डासाला सुई धरायला मी शिकवलं. तो आला तेव्हा फरशी पुसायला होता. दुपारी काम संपलं की दारात उभा राहून माझे हात बघायचा. मीच त्याला पुस्तकं दिली, मीच परीक्षेला बसवलं. पदविका माझी, तीही पहिल्या वर्गातली, आणि सात वर्षांनी सीनियरही मीच. पण माझं बोट शिरेवरून फिरतं तेव्हा ते शीर शोधतं, आणि त्याचं फिरतं तेव्हा शीर आपणहून वर येते, असं आमची परिचारिका एकदा बोलून गेली. माझ्यासमोर. मी तिच्याशी आठ दिवस बोललो नव्हतो.

शीर शोधताना तो हाताकडे बघतच नाही. डोळे मिटून बोट टेकवतो आणि भलत्याच गप्पा काढतो, तुमच्या जिन्याचा दिवा लागला का, थोरलीचं कॉलेज काय म्हणतं. समोरचा उत्तर देईपर्यंत नळी भरलेली. शिवाय ज्यांना अंथरुणातून उठवत नाही त्यांच्याकडे सकाळी सहाला सायकलवरून स्वतः जातो. ड्यूटी आठची, कुणी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतो, वाटेतच घर आहे त्यांचं. अरे, तुझी वाट आहे का चाळीस गल्ल्यांची?

मला खात्री होती की यात काहीतरी पाणी मुरतंय. एवढं फुकट कोण करतं? एका सकाळी मी स्कूटर काढून त्याच्या मागे गेलो. होय, गेलो. लाज वाटते, पण गेलो. एका अर्धांगवायू झालेल्या सुताराच्या खिडकीखाली चोरासारखा उभा राहिलो. डासाने रक्त काढलं, मग त्या माणसाला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, चादर झटकून घातली, आणि निघताना सुताराच्या बायकोला म्हणाला, तुम्ही थोडं पडा आता, मी दार ओढून घेतो. माझ्या हाती काहीच लागलं नाही. घरी येऊन मी विनाकारण बायकोवर ओरडलो.

पण खरा घाव आईने घातला. माझ्या आईची दर महिन्याला साखर तपासावी लागते. राहते माझ्याच घरी, येते माझ्याच स्कूटरवर, आणि दवाखान्यात उतरली की सरळ जाऊन बसते डासाच्या रांगेत. एकदा मी बाहेर येऊन हळूच म्हटलं, अगं आई, मी मोकळा आहे ना. बाकावरच्या वीस माणसांदेखत ती म्हणाली, "तू आहेस रे बाळा, पण तुझं मला दुखतं." सगळा बाक हसला. डासही हसला असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर चिडता आलं असतं. तो खाली मान घालून कापूस कापत राहिला.

तर असा हा डास. आणि या डासाचा नागरिक मंडळाने सत्कार करायचं ठरवलं. दर वर्षी ते वस्तीसाठी राबणारा एक साधा माणूस निवडतात, सभागृहात बोलावतात आणि त्याच्याबद्दल एक पानभर वाचून दाखवतात. ते पान लिहायचं काम आमच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर टाकलं. म्हणाल्या, तुमच्याइतकं त्याला कोण ओळखतं? सोमवारी सांगितलं, शनिवारी पान द्यायचं होतं. मी त्याच दुपारी लिहून टाकलं: वेळेवर येतो. काम नियमित करतो. वर्तन चांगले आहे. तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्यालासुद्धा यापेक्षा बरा दाखला मिळत असेल. मला मात्र ते वाचून गार वाटलं.

बुधवारी माझं डोकं फिरलं. म्हटलं, हात हलका नसेल माझा, पण वेग तर आहे. आमच्याकडे एक नियम आहे. आधी रक्त, मग पेशंटला त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, आणि त्याच्यासमोर नळीवर नावाची चिठ्ठी लावायची. आधी चिठ्ठी लावून ठेवायची नाही, कारण नळी एकाची आणि रक्त दुसऱ्याचं व्हायला एक क्षण पुरतो. हा नियम भिंतीवर टांगलेला आहे, माझ्याच अक्षरात. त्या दिवशी मी सकाळीच टोकनच्या क्रमाने सगळ्या नळ्यांना चिठ्ठ्या लावून त्या ओळीने उभ्या केल्या आणि बाहेर जाऊन सांगितलं की आज माझ्याकडे दोन मिनिटांत सुटका.

आले लोक. डासाच्या रांगेतून उठून आले. मी हात बघत होतो, तोंडं बघत नव्हतो. हात पुढे आला की सुई, नळी, कापूस, पुढचा. अकराच्या आत चौतीस जण केले. डासाचे एकोणीस झाले होते. मी चहा मागवला आणि त्यालाही पाजला, एवढा खूश होतो.

दुपारी नळ्या वरच्या मजल्यावर न्यायच्या आधी तो माझ्या टेबलाशी आला. हातात माझ्या दोन नळ्या होत्या. एक आमच्या गल्लीतल्या शिवणवालीच्या नावाची, एक बस ड्रायव्हरच्या नावाची. त्याने त्या माझ्या डोळ्यांसमोर उजेडात धरल्या आणि अगदी हळू म्हणाला, "दादा, शिवणवालीची नळी कधी पूर्ण भरत नाही. तिची शीर निम्म्यातच मिटते."

तिच्या नावाची नळी खुणेपर्यंत भरलेली होती. निम्मी होती ती ड्रायव्हरची, आणि ड्रायव्हर म्हणजे रेड्यासारखा गडी. मी बोलायला तोंड उघडलं आणि मला आठवलं. चौदा नंबर तिचा, पंधरा त्याचा, आणि त्याला गाडीवर जायचं म्हणून तिने त्याला पुढे जाऊ दिलं होतं. मी मान वर केली नव्हती. ती साखरेची गोळी घेते. त्याच्या रक्तावरून तिची गोळी कमी झाली असती आणि साखर वाढून ती कुठेतरी मशीनवरच कोसळली असती. आणि तिच्या रक्तावरून त्याची गाडी काढून घेतली असती. तरी मी म्हणालो, कशावरून? डासाने वाद घातला नाही. बाकीच्या बत्तीस नळ्या एकेक करून टोकनच्या यादीशी आणि माणसांशी ताडून पाहिल्या, कुणाला घरी फोन केला, कुणाची शीर त्याला पाठच होती. घोटाळा या दोनच नळ्यांचा होता. मग त्या दोन्ही त्याने टाकायच्या डब्यात टाकल्या.

"या फुटल्या," तो म्हणाला. "माझ्या हातून."

आणि सायकल काढून दोघांच्या घरी गेला, सकाळी उपाशीपोटी परत या म्हणून सांगायला.

गुरुवारी ती दोघं आली आणि खोलीत एकच चेष्टा. शिवणवाली म्हणाली, डासभाऊ, दात पडले का तुमचे? ड्रायव्हर म्हणाला, हात थरथरायला लागले वाटतं, चष्मा लावा. डास हसत राहिला. अशी बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? शुक्रवारी माझ्यासमोर अकरा माणसं आपणहून बसली. कुणी बोलावलं नव्हतं. एक आजोबा म्हणाले, तुमचं दुखतं हो जरा, पण फुटत तर नाही. मी मनातल्या मनात नाचत होतो, खोटं कशाला सांगू?

दुपारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. मंडळाच्या कानावर गेलं होतं. डासाचा हात आता पहिल्यासारखा राहिला नसेल तर सत्कार तुमचा करू, असं तिथे कुणी म्हणालं होतं. तुम्ही सीनियर, इतकी वर्षं घातलीत. बाई म्हणाल्या, "उद्या तुमचं पान येईल, त्यावर ते ठरवतील. जे खरं असेल ते लिहा."

म्हणजे मला काही वाईट करायचंच नव्हतं. खोटंसुद्धा लिहायचं नव्हतं. त्या तीन ओळी तशाच ठेवून नुसतं गप्प बसायचं होतं.

संध्याकाळी घरी गेलो तर आई दारातच. तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाली, "आज तुझ्याकडे रांग होती म्हणे. पुढच्या महिन्यापासून मी तुझ्याकडेच बसेन हो." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी पदविका मिळवली तेव्हा फिरवला होता, त्यानंतर आजच.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाचा भडका उडाला. कारण हेही त्याचंच होतं. ती अकरा माणसं त्याने दिलेली, आईचा हात त्याने दिलेला, होणारा सत्कारही त्यानेच दिलेला असणार. एकोणीस वर्षं मी ज्यासाठी जळलो ते सगळं त्याने दोन नळ्यांबरोबर माझ्या टेबलावर ठेवून दिलं होतं, आणि मी ते उचलून घरी आणलं होतं. मला त्याचं काही नको होतं. मी जेवण बाजूला सारलं, त्या तीन ओळी फाडल्या आणि नवं पान घेतलं.

सगळं लिहिलं. सायकल, सुतार, पोरं, माझी आई. आणि शेवटी लिहिलं की त्याच्या हातून आजवर एकही नळी फुटलेली नाही. बुधवारी चिठ्ठ्या मी आधी लावल्या, माणसांची अदलाबदल मी केली, आणि त्याने नुसत्या नळीच्या उंचीवरून ते ओळखलं. खाली माझी सही केली, हुद्द्यासकट.

शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं आणि डासालाही वाचायला दिलं. त्याचा चेहरा पडला. त्याने पान टेबलावर ठेवून शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"दादा, एवढं खोडा. हे वाचलं तर तुमच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. मला दोन टोमणे बसले तर काय बिघडलं?"

तो अगदी मनापासून सांगत होता, आणि त्यामुळेच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. इथेही तोच मोठा. मी पानाची दुसरी कड धरली.

"सगळं चांगलं तूच करायचंस का रे? एक तरी मला करू दे."

मग त्याने बोट काढून घेतलं. बाईंनी पानावर शिक्का मारला.

सत्काराला सभागृह भरलं होतं. मी मागे, भिंतीला टेकून उभा होतो. मला तोवर लेखी ताकीद मिळाली होती आणि महिनाभर सुई बंद होती. पान वाचणाऱ्या मंडळाच्या बाई नळीच्या गोष्टीपर्यंत आल्या तशी कुजबुज थांबली. शिवणवाली तिसऱ्या रांगेत होती. तिने मान मागे वळवून मला शोधलं आणि रोखून बघितलं. तिच्या शेजारी माझी आई होती, तीही वळली. मी खाली बघितलं नाही.

पुढे डास नव्या शर्टात स्टेजवर अवघडून उभा होता, शर्टाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. लोक उठून उभे राहिले. कितीतरी वेळ टाळ्या थांबेनात. मी जळत होतो का? जळत होतो, आत्तासुद्धा जळतोय. टाळ्या सगळ्या त्याच्याच होत्या. पण ते पान माझं होतं.